क्रुसेडर किंग्ज ३ : आठ महिने खेळल्यानंतरचा अनुभव

हा कॉम्प्युटर गेम घेतला तेव्हा मला तो लढायांचा वाटला होता. फौज काढायची, मुलूख घ्यायचा. आठ महिन्यांनी सांगतो, हा वारसाहक्काचा गेम आहे. तालुक्याच्या कोर्टात मी दिवाणी वकिली करतो आणि वाटपाचे दावे हे माझं रोजचं काम. त्यामुळेही असेल, पण यातली हीच बाजू मनात घर करून बसली.

मूळ गेम ८६७ किंवा १०६६ साली सुरू करता येतो आणि १४५३ ला संपतो. तुम्ही देश चालवत नाही, एक माणूस चालवता. काउंटकडे लहानसा मुलूख, त्याच्या वर ड्यूक, ड्यूकच्या वर राजा. तो माणूस मेला की त्याचा वारस म्हणजे तुम्ही. घराण्यात वारसच उरला नाही तर खेळ खलास. राजा झालात म्हणून सगळी जमीन स्वतःकडे ठेवता येत नाही. ठरावीक मर्यादेपलीकडची सरदारांना द्यावी लागते आणि त्यांच्याकडून कर आणि शिपाई घ्यावे लागतात. शिकाऊ पाठ आयर्लंडमध्ये आहे, तिथला जुना राजा ब्रायन बोरू याच्या नातवापासून. तो नीट पुरा करा, घाई केली तर पुढे काहीच कळत नाही.

तो संपवून मी १०६६ मधल्या, आजच्या स्पेनमधल्या लेओन राज्याच्या आल्फॉन्सोला घेतलं. खऱ्या इतिहासात त्याचा बाप फर्नांदो पहिला १०६५ च्या डिसेंबरात गेला आणि राज्य तीन मुलांत वाटून गेला. थोरल्या सान्चोला कास्तील, मधल्या आल्फॉन्सोला लेओन, धाकट्या गार्सियाला गालिसिया. मानाची गादी लेओनची, आणि ती थोरल्याला मिळाली नाही. भांडणाचं मूळ इथेच. १०७१ मध्ये दोघा थोरल्यांनी मिळून धाकट्याचं राज्य घेतलं, १०७२ च्या जानेवारीत सान्चोने आल्फॉन्सोला हरवलं, आणि त्याच वर्षी बहिणीच्या सामोरा शहराला वेढा घालून बसलेला असताना सान्चोचा खून झाला. सगळं आल्फॉन्सोकडे आलं. गार्सियाला त्याने १०७३ मध्ये कैदेत टाकलं. १०९० मध्ये तो मेला तोही कैदेतच. भाऊबंदकी म्हणतात ती हीच.

माझ्या डावात आल्फॉन्सोने तिन्ही राज्यं एकत्र करायला वीस वर्षं घेतली. एका रात्री साडेअकराला तो आजारपणात गेला. पडद्यावर वारसांची यादी आली, तीन मुलगे. मी पुढे जा म्हटलं, आणि नकाशावर जो मुलूख एका रंगाचा होता तो डोळ्यांदेखत तीन रंगांचा झाला. माझ्या हाती फक्त थोरल्याचा हिस्सा. दुसऱ्या दिवशी कोर्टात तिघा भावांच्या वाटपात उलटतपासणी होती. जमीन सारखी, पण विहीर एकाच्या वाट्याला गेलेली. सान्चोच्या मनात काय खदखदत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

मग वाटणी टाळायच्या वाटा शोधल्या. मुलाला मठात पाठवता येतं, संन्याशाला हिस्सा नाही. एखाद्याला बेदखल करता येतं, पण त्यात घराण्याची प्रतिष्ठा खर्ची पडते. सगळं थोरल्याला देणारा कायदा तेराव्या शतकाच्या आधी सहसा हाती येत नाही. खऱ्या इतिहासात फ्रान्सच्या कापे घराण्याने सोपी युक्ती काढली होती. ह्यू कापे ९८७ मध्ये राजा झाला आणि त्याच वर्षी मुलाला अभिषेक करवून मोकळा झाला. बाप जिवंत असतानाच मुलाला मुकुट, ही रीत दोनशे वर्षं टिकली, आणि बापाकडून मुलाकडे गादी जाण्याचा क्रम १३१६ पर्यंत तुटला नाही. यात नशिबाचाही वाटा मोठा, दर पिढीत मुलगा जगला.

वारसच नसला तर काय होतं ते इटलीतल्या तस्कनीच्या माटिल्डामध्ये दिसतं. कानोसाच्या तिच्याच किल्ल्याबाहेर १०७७ च्या जानेवारीत जर्मनीचा राजा चौथा हेन्री तीन दिवस पोपच्या क्षमेसाठी थंडीत उभा होता. एवढी मोठी बाई १११५ मध्ये निपुत्रिक गेली आणि तिच्या जमिनींवरून पोप आणि सम्राट यांच्यात पुढे कितीतरी वर्षं तंटा चालला. तिच्या बाजूने जरूर खेळून पाहा.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते. कोणता सरदार किती नाराज आहे ते इथे आकड्यात दिसतं. तेव्हाच्या राजाला हे कुठून दिसायचं? निरोप यायला आठवडे लागायचे, आणि बंड झाल्यावरच कळायचं की मन फिरलं होतं. ती धास्ती गेममध्ये नाही.

बाकी थोडक्यात. मजकूर भरपूर आणि तो मराठीत नाही, तेव्हा वाचायची तयारी ठेवा. माझा लॅपटॉप जुना आहे, तेराव्या शतकाच्या पुढे तो तापतो आणि गेम रखडतो. नकाशात भारतही आहे. १०६६ म्हणजे अंबरनाथचं देऊळ उभं राहून जेमतेम सहा वर्षं, कोकणात शिलाहार. मुलीने आधी कोकणच शोधलं.

सध्या माझ्या डावात ११८० साल चालू आहे. राणीला चौथा मुलगा झालाय. दोघांना मठात पाठवलं, तिसरा रणात चांगला आहे, त्याला पाठवायला हात होत नाही.