अरीना: नऊ महिने वापरल्यानंतर

गेल्या वर्षी दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाचं काम चालू होतं. मी संपादकांना मोबाइलवर एक फोटो दाखवला. भिंतीवरून लोंबणारं भलंमोठं सोनेरी-तांबूस कापड, जागोजागी चुण्या पडलेल्या. म्हटलं, या पोताच्या जवळ जाणारं काहीतरी करू. त्यांनी विचारलं, "कुणाचं आहे?"

"नेटवरचं आहे."

"अहो, नेट चित्रं काढतं का?"

घरी येऊन मोजले. मोबाइलमध्ये असे स्क्रीनशॉट होते 1,400 च्या वर. रोज रात्री अंगठ्याने फीड सरकवत जमवलेले. त्यातल्या एकालाही नाव नव्हतं. वीस वर्षं मुखपृष्ठं आणि मांडणी करून पोट भरणाऱ्या माणसाला लाज वाटावी अशीच गोष्ट.

भाची डिझाइन शिकते. तिने एका वाक्यात निकाल लावला, "मामा, आधी स्क्रीनशॉट काढणं बंद कर आणि अरीनावर खातं उघड." चित्रं-लिंका जमवून ठेवायच्या या साइटच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये (Are.na) शेवटच्या दोन अक्षरांआधी टिंब आहे. ते विसरलात तर शोधात क्रिकेटची मैदानं निघतात.

आता नऊ महिने झाले. साइटवर दोनच गोष्टी समजून घ्यायच्या, ब्लॉक आणि चॅनल. एखादं चित्र, लिंक, उतारा किंवा पीडीएफ म्हणजे एक ब्लॉक. ब्लॉक ज्या फाइलीत लावायचा ती फाइल म्हणजे चॅनल. चॅनल सगळ्यांसाठी उघडं ठेवा, नुसतं बघण्यापुरतं ठेवा, नाहीतर कुलपात ठेवा. लाइकचं बटण नाही, जाहिराती नाहीत. वर्गणीदारांच्या पैशावर चालतं. पहिले पंधरा दिवस मला हे सरकारी कपाटासारखं वाटलं. काही हलत नाही, कुणी बोलत नाही. रात्री परत जुन्या फीडवर जायचो, हे कबूल करतो.

गंमत कळली ती त्या सोनेरी कापडापासून. फोटोवरून शोध घेणाऱ्या गूगल लेन्सने आधी ते करणाऱ्याचं नाव काढलं, एल अनात्सुई. 1944 साली घानात जन्म, 1975 पासून नायजेरियातल्या एनसुक्का विद्यापीठात शिकवायचे. आणि ते कापड नव्हतंच! दारूच्या बाटल्यांची अ‍ॅल्युमिनियमची झाकणं आणि गळ्याच्या पट्ट्या चेपून, वळवून, तांब्याच्या तारेने एकमेकांना बांधलेल्या, हजारोंनी. झाकणांनी भरलेली एक पिशवी त्यांना 1990 च्या दशकाच्या अखेरीस सापडली, तिथून हे सुरू झालं. चुण्या कशा पडाव्यात हेही ते ठरवून देत नाहीत. जिथे टांगलं जाईल तिथली माणसं ठरवतात. 2015 साली व्हेनिस बिएनाले या इटलीतल्या मोठ्या कलाप्रदर्शनात त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला. आणि मी त्याला 'नेटवरचं' म्हणालो होतो.

नाव लिहून तो ब्लॉक माझ्या चॅनलमध्ये लावला. एखादा ब्लॉक उघडला की तोच ब्लॉक आणखी कुणाकुणाच्या चॅनलमध्ये लावलेला आहे, ते बाजूला दिसतं. सगळी मजा त्या यादीत आहे. तिथून एका अनोळखी माणसाच्या चॅनलमध्ये शिरलो. त्याने फक्त 'जोडलेल्या' वस्तू जमवल्या होत्या. त्यात घानाचाच इब्राहिम महामा भेटला. कोकोची आणि नंतर कोळशाची वाहतूक करून झिजलेली तागाची पोती शिवून तो अख्ख्या इमारती झाकतो. पोत्यांवरचे शिक्के, ठिगळं, कुणाकुणाची नावं तशीच ठेवतो. त्याच्या शेजारी कोरियाचा दो हो सू. स्वतः राहिलेली घरं तो पारदर्शक कापडात जशीच्या तशी शिवतो, दाराच्या मुठी आणि विजेची बटणंसुद्धा. आणि त्याच चॅनलमध्ये कुणीतरी एका जुन्या गोधडीचा फोटो टाकलेला. आमच्याकडे कोल्हापूरला तिला वाकळ म्हणतात. आईच्या वाकळेत टाक्यांच्या ओळी कडेपासून आत-आत जातात, ती आठवली. पण तो फोटो आपल्याकडचा की बंगालचा, ते लिहिलेलंच नव्हतं.

फीडवर असं होत नाही. तिथे एक सोनेरी कापड आवडलं की दुसऱ्या दिवशी चाळीस सोनेरी कापडं येतात. नोमा बार या चित्रकाराची, रिकाम्या जागेत दुसरी आकृती लपवणारी चित्रं मी दोनदा थांबून पाहिली, तर महिनाभर त्याच्या नकलाच येत राहिल्या. शेवटी मीही एका पुस्तकाला तसलंच मुखपृष्ठ करून बसलो. मशीन चित्रासारखं चित्र शोधतं. माणसाने लावलेल्या चॅनलमध्ये झाकणांशेजारी पोती येतात, आणि शेजारी का आली हे आपण आपलं शोधायचं.

नावाच्या शोधात फजिती पण होते. युको शिमिझू यांची चित्रं मला फार आवडली. ब्रशने काळ्या शाईतली जोरकस रेघ, मग स्कॅन करून संगणकावर रंग. टोकियोत अनेक वर्षं नोकरी करून 1999 साली त्या न्यूयॉर्कला चित्रकला शिकायला गेल्या. चाळिशी ओलांडलेल्या माझ्यासारख्याला हे वाचूनच बरं वाटतं. नाव टाकून शोधलं तर हॅलो किटीची मांजर पुढे आली. ती 1974 ची मांजर काढणाऱ्या युको शिमिझू निराळ्या. दोन दिवस माझ्या चॅनलमध्ये दोघी एकत्र नांदत होत्या. भाचीने फोन करून हसून घेतलं.

फुकट खात्याला 200 ब्लॉकची मर्यादा आहे. तिसऱ्या महिन्यात भरली. वर्गणी डॉलरमध्ये, म्हणून अजून भरलेली नाही. रविवारी चहाबरोबर वीसेक ब्लॉक काढून टाकतो. सुरुवातीला जिवावर यायचं. आता काय राहिलं ते बघायला आवडतं. चित्रकार क्रिस्टोफ निमानची दोन केळी राहिली आहेत. खऱ्या केळ्यांना शाईची रेघ जोडून त्याने घोड्याचा मागचा भाग काढलाय. आणि तात्सुया तानाकाची ब्रोकोलीची झाडं. हा जपानी गडी 2011 पासून रोज एक असं चिमुकलं दृश्य उभं करून फोटो काढतो. रोज!

प्रत्यक्ष कामात सगळ्यात जास्त उपयोग झाला तो इर्मा बोमचा. ही डच बाई पुस्तकं डिझाइन करते आणि काम करताना प्रत्येक पुस्तकाचं इवलंसं मॉडेल बनवते. तिचं 1996 चं एक पुस्तक 2,136 पानांचं आहे, त्यात पृष्ठक्रमांकच नाहीत. ते पाहून मी या वर्षीच्या दिवाळी अंकाची डमी नेहमीच्या आकारात न करता काड्यापेटीएवढी केली, फर्म्याप्रमाणे (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेली पानं म्हणजे फर्मा) घड्या घालून. बाइंडर म्हणाला, "साहेब, हा अंक मुंग्यांसाठी काय?" पण त्या डमीत लगेच दिसलं की पाठोपाठ तीन फर्मे नुसत्या मजकुराचे आहेत आणि सगळी चित्रं शेवटी गोळा झालीत. पडद्यावर महिनाभर बघूनही हे लक्षात आलं नव्हतं.

उणं काय, तर लोक. चित्र लावतात, नाव लावत नाहीत. मीही तेच करत होतो, म्हणून फार बोलायला तोंड नाही. आणि मी इंग्रजीत शोधतो, तेव्हा माझ्यापुढे न्यूयॉर्क, लंडन, बर्लिनचीच गर्दी जास्त होते. त्यावर दोन उपाय केले. चित्रकार-डिझाइनर आपलं काम मांडतात त्या बिहान्स साइटवर देश निवडून शोधता येतं, तिथे इराण, मेक्सिको, घाना असे एकेक आठवडे काढले. शिवाय तिथे चित्रकार काम कसं रचत गेला ते कच्च्या रेखाटनांपासून बघायला मिळतं, ते अरीनावर क्वचित. दुसरा उपाय म्हणजे इटलीतल्या बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्याची चित्रकारांची यादी. तिथलं चित्रकारांचं प्रदर्शन 1967 पासून चालू आहे. निवडलेल्यांची नावं घ्यायची आणि एकेकाच्या साइटवर जायचं. सावकाश काम आहे, पण मुलांच्या मासिकासाठी चित्रं काढणाऱ्याला याहून चांगली शाळा नाही.

एक गोष्ट राहिलीच. अक्षरांचं चॅनल भरताना कळलं की मी रोज वापरतो तो 'मुक्त' आणि शीर्षकांना लावतो तो 'बलू', हे दोन्ही टाइप (फाँट) मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेले आहेत. कितीतरी अंक त्यात लावले, फुकट डाउनलोड करून. कुणी केलेत हे विचारायचं कधी सुचलं नाही. या वर्षी श्रेयनामावलीत अक्षररचनेखाली ते नाव टाकतोय. संपादकांनी भुवया उंचावल्या, पण ओळ कापली नाही.

रोज नवीन काहीतरी डोळ्यांपुढून जायला हवं असेल तर अरीनाच्या वाटेला जाऊ नका, कंटाळाल. मोबाइलपेक्षा संगणकावर बसून वापरा. आणि जुने स्क्रीनशॉट न निवडता ढिगाने चढवू नका, मी तो गाढवपणा केला.

माझ्या 1,400 पैकी नाव न सापडलेली 61 राहिली आहेत, 'बेनाम' या चॅनलमध्ये कुलपात. त्यातली एक निळ्या शाईतली कोंबडी आहे. पिसांच्या जागी बारीक खिडक्या, एका खिडकीत दिवा. कोपऱ्यात सही आहे, बहुधा फारसी लिपीत, अर्धी कापली गेलेली. स्क्रीनशॉट मीच काढलेला, त्यामुळे कापलीही मीच. कुणी ओळखत असेल तर नाव कळवा.