आयडी लावावी की नाही? नेटवर्क मार्केटिंग, विमा एजन्सी आणि घरचा धंदा यांचा तुलनात्मक आढावा

ओळखीच्या कुणाचा तरी फोन आला असेल: "एक प्लॅन दाखवायचाय, तासभर काढ." तुम्ही जाऊन आलात, पडद्यावरची वर्तुळं पाहिलीत, दोन-चार जणांनी आपापल्या चेकचे फोटो दाखवले. आता ठरवायचंय. घरात कुणी म्हणतं घे, कुणी म्हणतं भानगडीत पडू नकोस, पण का पडू नये हे नीट कुणी सांगत नाही.

हाताशी दहा-पंधरा हजार रुपये, संध्याकाळचे दोन तास आणि रविवार, एवढीच शिल्लक असलेल्या माणसापुढं साधारण तीन वाटा असतात. नेटवर्क मार्केटिंगची आयडी (म्हणजे कंपनीचं सभासदत्व: माल घ्यायचा आणि आपल्याखाली नवे सभासद जोडायचे), विमा एजन्सी, किंवा घरातून चालणारा छोटा धंदा: डबे, पापड-लोणची, शिवणकाम, दिवाळीचा फराळ. तिन्हींत मेहनत आहे आणि तिन्हींत लोक हरतात. हरल्यावर हाती काय उरतं, यात मात्र मोठं अंतर आहे, आणि निर्णय त्यावरूनच घ्यावा असं मला वाटतं.

सुरुवातीचा पैसा

विमा एजंट व्हायला साधारण दहावी पास, वय १८ पूर्ण, थोडं प्रशिक्षण आणि एक परीक्षा लागते. खर्च फार नाही. घरच्या धंद्याला भांडी, मिक्सर, शिलाई मशीन, कच्चा माल असं काही ना काही घ्यावं लागतं. पैसे कमी पडले तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकतं, पण ते फेडायचं असतं, हे विसरू नये.

नेटवर्कमध्ये 'जॉइनिंग फ्री' असं सांगतात. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रवेश शुल्क घेण्याला मनाई केली होती, त्यामुळे उघड फी सहसा दिसत नाही. तिच्या जागी 'पॅकेज' येतं: प्रोटीन पावडर, साबण, घड्याळ, ऑनलाइन कोर्स. हे पॅकेज घेताना स्वतःला एकच प्रश्न विचारा. आयडी मिळणार नसती, तर हीच वस्तू याच किमतीला मी दुकानातून आणली असती का? उत्तर नाही असेल, तर जास्तीचे पैसे ही फीच आहे.

दरमहाचा पैसा, जो कागदावर कुणी मांडत नाही

खरा खर्च इथं सुरू होतो, म्हणून इथं थोडं थांबू. आयडी 'अ‍ॅक्टिव्ह' ठेवायला दर महिन्याला ठरावीक पॉइंटची, म्हणजे ठरावीक रकमेच्या मालाची, खरेदी करावी लागते. महिनाअखेरीला 'क्लोजिंग', म्हणजे हिशेब बंद व्हायचा दिवस, जवळ आलं की अपलाइनचा, म्हणजे तुमच्या वरच्या सभासदाचा, फोन येतो, अजून इतके पॉइंट कमी आहेत, एक ऑर्डर टाक. काही प्लॅनमध्ये तुमच्याखालची माणसं डाव्या-उजव्या अशा दोन बाजूंत मांडतात; डावी बाजू भरलेली आणि उजवी रिकामी असेल, तर जोडी जुळवण्यासाठी लोक बायकोच्या, आईच्या नावानं स्वतःच आयडी लावतात. त्यावर सेमिनारची तिकिटं, पुण्या-मुंबईचा प्रवास, तिथलं राहणं, कोट-टाय, पाहुण्याला मीटिंगला न्यायचं तर त्याचा चहा-नाश्ताही आपल्याच खिशातून.

एक उदाहरण म्हणून हिशेब मांडतो, आकडे तुमच्या प्लॅनप्रमाणे बदला. दरमहा खरेदी ३,००० रुपये. मीटिंगचा प्रवास ८००. तिमाही सेमिनारचे ३,००० धरले, तर महिन्याला १,०००. झाले ४,८००. त्यातला साबण-टूथपेस्ट तसाही लागलाच असता, म्हणून १,००० वजा करा. उरले ३,८००, म्हणजे वर्षाला ४५,६०० रुपये. हे आधी भरून निघाले पाहिजेत, मग कमाई सुरू.

आणि कमाई किती होते? ग्राहकांचं हित पाहणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेच्या अधिकाऱ्यांनी २०२४ मध्ये अशा ७० कंपन्यांची स्वतःचीच उत्पन्नाची निवेदनं तपासली. बहुतेक सहभागींना वर्षाला १,००० डॉलर किंवा त्याहून कमी मिळाले होते, म्हणजे महिन्याला ८४ डॉलरच्या आत. किमान १७ कंपन्यांत बहुतेकांना काहीच मिळालं नव्हतं. हे आकडेही बहुतांशी खर्च वजा न करता दिलेले होते. तिथल्याच, ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या एएआरपी फाउंडेशनच्या २०१८ च्या पाहणीत निम्म्याच्या जवळ, ४७ टक्के सहभागींनी पैसे गमावल्याचं सांगितलं. भारतातल्या कंपनीनं तुम्हाला असं निवेदन दाखवलं नसेल, तर मागा. चेकचा फोटो हे निवेदन नव्हे.

असं का होतं, ते रचनेतच आहे. प्रत्येकानं सहा जण आणायचे असा प्लॅन घ्या. सहा, छत्तीस, दोनशे सोळा असं उतरत अकराव्या पायरीवर ३६ कोटींहून अधिक माणसं लागतात. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी होती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे साखळी कुठल्याही टप्प्यावर थांबवून पाहा: अशा भरलेल्या साखळीत सहापैकी पाच जण सगळ्यात खालच्या ओळीत असतात आणि त्यांच्याखाली कुणीच नसतं. दोन-दोनच्या 'बायनरी' प्लॅनमध्येही निम्म्याहून जास्त लोक त्या ओळीत असतात. त्यांनी मेहनत केली नाही म्हणून ते तिथं नसतात. कुणालातरी तिथं असावंच लागतं.

घरच्या धंद्यात ही अट नाही. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उधार घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभं राहिलं. हजारो स्त्रियांचं जाळं तेही आहे, पण तिथल्या बहिणीची (सभासद स्त्रीला तिथं असंच म्हणतात) मजुरी तिनं किती पापड लाटले यावर ठरते, किती मैत्रिणी आणल्या यावर ठरत नाही. कुणी विचारलं की माणसांच्या जाळ्यात वाईट काय आहे, तर मी हाच फरक दाखवतो.

माणसं

पहिल्याच आठवड्यात तुम्हाला वही घेऊन शंभर नावांची यादी करायला सांगतात. चुलतभाऊ, शाळेतले मित्र, जुनी शिक्षिका, सोसायटीतले शेजारी. या वाटेवरचं खरं भांडवल ही यादी असते आणि कंपनी ती फुकट वापरते.

विमा एजंटही आधी नातेवाइकांकडेच जातो, हे कबूल करायला हवं. काकांनी भिडेपोटी पॉलिसी घेतली, दोन वर्षांनी हप्ते थांबवले आणि भरलेले पैसे बरेचसे बुडाले, अशी उदाहरणं घरोघरी आहेत. एजंट झालात तर हे पाप टाळणं तुमच्या हातात आहे: गरज नसलेली पॉलिसी गळ्यात मारू नका. निदान तिथं काकांना कागद मिळतो, आवडला नाही तर ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते, आणि काकांनी पुढं आणखी सहा काका शोधावेत अशी अपेक्षा नसते. विम्यात साखळी पद्धतीनं विक्री करायला कायद्यानंच बंदी आहे. २०१५ च्या दुरुस्तीनं विमा कायद्यात कलम ४२अ आलं ते यासाठी. लोकांच्या बचतीला साखळी घातक आहे, हे संसदेनं मान्य केलं याचा मला फार आधार वाटतो.

नेटवर्कमध्ये नातेवाईक दोनदा वापरला जातो, आधी गिऱ्हाईक म्हणून आणि मग भरती म्हणून. तो तुमच्या शब्दावर पैसे घालतो. त्याचे बुडाले तर कंपनीचं ऑफिस त्याच्या ओळखीचं नसतं, तुमचं घर असतं. मेव्हण्यानं तुमच्या शब्दावर घातलेले बारा हजार पुढच्या दहा लग्नांत आठवत राहतात. मित्र फोन उचलेनासे होतात, कारण तुम्ही ख्यालीखुशाली विचारली तरी पुढं प्लॅन येणार असं त्यांना वाटतं. शंका काढणाऱ्याला 'निगेटिव्ह' म्हणून दूर ठेवायला शिकवतात, आणि त्यात बहुधा तुमची सगळ्यात जास्त काळजी करणारी माणसंच दूर जातात. शेवटी जमलं नाही की दोष तुमचाच: तू फॉलोअप केला नाहीस, तुझं स्वप्न लहान होतं. कर्जापेक्षा हे ओझं उतरायला जास्त वेळ लागतो, हे मी जवळून पाहिलं आहे.

कायद्याची बाजू

घरच्या खाद्यपदार्थांना अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, विम्याला परवाना. तेवढं केलं की निवांत.

साखळीत मात्र योजना पैसे फिरवणारी, म्हणजे नवे सभासद जोडण्यावर पैसे देणारी, ठरली, तर सभासदही सुटत नाही. पैसे फिरवणाऱ्या योजनांवर बंदी घालणाऱ्या १९७८ च्या कायद्यात अशी योजना चालवणं तर गुन्हा आहेच, तिच्यात सभासद होणं आणि भाग घेणं हाही गुन्हा आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची कैद. २०११ मधलं स्पीक एशिया आठवा. ११,००० रुपये भरा, घरबसल्या सर्व्हे भरून कमवा, असं म्हणत लाखो लोक जोडले गेले. कंपनी सिंगापूरची, तपास मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे. पैसे भरलेले अनेक जण स्वतः दुसऱ्यांना जोडून बसले होते, म्हणून तक्रार करायलाही कचरत होते.

कायद्याच्या भाषेत नेटवर्क मार्केटिंग 'थेट विक्री'त मोडतं, आणि सगळ्याच थेट विक्री कंपन्या बेकायदा नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियमांनी पिरॅमिड योजनांना, म्हणजे माणसं जोडण्यावर कमाई ठरणाऱ्या योजनांना, बंदी घातली आणि चालणाऱ्या कंपन्यांवर अटी घातल्या: लेखी करार, दंडाविना माघार घेण्याची ठरावीक मुदत, ओळखपत्र आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या घरी न जाणं. कंपनी कायदेशीर असली तरी खालच्या ओळीचं गणित तेच राहतं, एवढं लक्षात असू द्या.

मग कुणी काय करावं

हातात कला असेल, चार घरांनी तुमच्या चकलीचं किंवा ब्लाउजचं नाव आपणहून काढलं असेल, तर घरचा धंदा. बंद पडला तरी मशीन विकता येतं, हात शिकलेला राहतो. बोलण्याची आवड असेल आणि पहिलं दीड-दोन वर्ष तुटपुंज्या कमिशनवर काढता येणार असेल, तर विमा. मध्येच सोडणारे तिथंही पुष्कळ आहेत, पण टिकलात तर नूतनीकरणाचं कमिशन येत राहतं. यांतलं काहीच जमणार नसेल, तर संध्याकाळचं साधं काम धरा. दुकानातले हिशेब, शिकवणी. महिनाअखेरीला पगार येतो, यात काही कमीपणा नाही.

नेटवर्कची आयडी मी कुणालाच सुचवणार नाही. वस्तू खरंच आवडली असेल, तर गिऱ्हाईक म्हणून विकत घ्या आणि तिथंच थांबा. नोकरीच्या मुलाखतीचं सांगून मीटिंगला बसवलं असेल, तर पैशाचा विषय निघायच्या आत उठा.

आणि हे वाचताना आयडी लावून झालीच असेल, तर आधी पुढचं क्लोजिंग भरणं थांबवा. करार काढून माघारीची मुदत पाहा, ती शिल्लक असेल तर ईमेलनं किंवा पोस्टानं लेखी कळवा, नुसत्या फोनवर विसंबू नका. न उघडलेला माल परत घेण्याची मागणी त्याच पत्रात करा, पावत्या जपा. कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तुमच्या शब्दावर आलेल्या माणसांनाही हे आजच सांगा, त्यांची मुदतही चालूच आहे.