पूर्वसंमती हातात येईपर्यंत रोटाव्हेटरला एक रुपयाही देऊ नका

शेतकरी बांधवांनो, पेरणीच्या तोंडावर हे शोरूमवाले गिऱ्हाईक कसं गाठतात ते सांगतो, कारण आमच्या चुलत्यांचे पैसे अडकलेत आणि गावातले अजून दोघंतिघं त्याच शोरूमला चाललेत.

काकांनी रोटाव्हेटरच्या (ट्रॅक्टरमागे जोडून माती भुसभुशीत करायचं मशीन) अनुदानासाठी महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी योजनांच्या पोर्टलवर, अर्ज भरलेला, पूर्वसंमती, म्हणजे खरेदीआधीची कृषी खात्याची मंजुरी, यायची होती. तेवढ्यात सेल्समन घरी आला, काका काका करत चहा प्यायला आणि म्हणाला संमतीचं टेन्शन घेऊ नका, साहेब आपलेच आहेत, मशीन आज न्या नंतर रेट वाढणार. पैसे रोख घेतले आणि हातात काय दिलं तर पावतीबुकातली चिठ्ठी, जीएसटी नंबर नाही की मशीनचा नंबर नाही. धडधडीत खोटं बोलला तो. नियमच असा आहे की आधी पूर्वसंमती मग खरेदी, आधी घेतलेल्या मशीनला अनुदान मिळत नाही. अल्पभूधारक, महिला, एससी, एसटी यांना 50 टक्के, बाकीच्यांना 40, तेही ठरलेल्या मर्यादेपर्यंत, आणि पैसे थेट शेतकऱ्याच्या आधार लिंक खात्यावर येतात, त्यामुळे अनुदानाचं मी बघतो म्हणणाऱ्या डीलरच्या हातात काहीच नसतं.

बरं मशीन तरी धड द्यावं. कोटेशन मल्टीस्पीडचं, आलं सिंगल स्पीड. नंबर प्लेटचे रिव्हेट नवे कोरे, आणि साइडला नखाने खरवडलं तर वरचा रंग निघून खाली गंजावर मारलेला जुना रंग दिसला. पहिल्याच वावरात ऑइल सील गळायला लागलं आणि गिअरबॉक्स इतका तापला की हात लावू देईना. विकायच्या आधी दिवसातून चार फोन करणारा माणूस आता उचलत नाही. काका शोरूमला गेले तर बाकड्यावर बसवून ठेवलं, वॉरंटी कार्ड मागितलं तर कंपनीकडून यायचंय म्हणे. साठीच्या माणसाला असं ताटकळत ठेवायचं, ह्याचा मला पैशापेक्षा जास्त राग आहे.

आम्ही 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय, तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी दिलंय, आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय, तिथे 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. कोटेशनचा फोटो व्हॉट्सॲपवर होता म्हणून निदान दाखवायला काहीतरी आहे. ज्यांनी ह्या सीझनला चिठ्ठीवर मशीन उचललंय त्यांनी आजच पक्कं बिल मागा, तेही मेसेज करून, आणि प्लेटवरचा नंबर बिलाशी जुळवून बघा.