देच्विता: सात महिने रोज ऐकल्यावर

गाणं नवीन असताना पहिल्या आठवड्यात कौतुक कुणीही करतं, म्हणून मी थांबले. जूनमध्ये भाचीने माझ्या फोनमध्ये हे घातलं. तेव्हापासून निगडी ते हिंजवडी, कंपनीच्या बसमध्ये, जवळजवळ रोज सकाळी वाजतंय. आता बोलायला हरकत नाही.

गाणं तसं २२ मे २०२० चं. गाणारा ऑगस्ट डी म्हणजे बीटीएस या कोरियन गायक-चमूतला शुगा. एकट्याने काही करायचं झालं की तो हे नाव लावतो. ‘डी-टू’ या संग्रहातलं हे मुख्य गाणं. अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते ७६व्या क्रमांकावर गेलं होतं, असं भाचीने मला तीनदा तरी ऐकवलं आहे.

पहिल्या रविवारी घरी जरा मोठ्याने लावलं, तर खालच्या काकूंनी जिन्यातूनच विचारलं, “कुणाकडे कार्य आहे का गं?” त्यांना सनई ऐकू आली होती. मी हसले, पण काकूंचं फारसं चुकलं नव्हतं. ते वाद्य म्हणजे कोरियाचं तेप्यंगसो. लाकडी नळी, तोंडाला पत्ती, खाली पितळी कर्णा. चिनी लोक याच जातीच्या वाद्याला सुओना म्हणतात आणि ते नाव फारसी ‘सुरणा’ या नावावरून आलेलं. कोरियातही त्याचं एक जुनं नाव होजक, म्हणजे परक्यांचा पावा. आपली सनई याच गोतातली. फरक इतकाच, की आपल्या सनईने मांडवात बसून स्वर मऊ केला. या कोरियन बहिणीचं सगळं आयुष्य उघड्या मैदानावर, सैन्याच्या पुढे गेलेलं. कुणाची पर्वा न करता वाजते.

आणि मैदानावरचंच हे संगीत. ‘देच्विता’चा शब्दशः अर्थ ‘मोठं फुंकणं आणि बडवणं’. कोरियातल्या जुन्या जोसन राजघराण्याच्या काळात राजाची स्वारी निघाली किंवा सेनापतीची मिरवणूक असली की हे वाजायचं. पिवळे झगे, निळे पट्टे. नाबाल ही लांब पितळी तुतारी आणि नागाक हा शंख, दोन्ही एकेकच स्वर धरतात. योंगगो ढोल, जाबारा झांजा आणि जिंग नावाची मोठी थाळी. सूर म्हणावा असा तो एकट्या तेप्यंगसोकडे. आजही सोलमध्ये ग्यंगबोकगुंग राजवाड्यासमोर पहारा बदलण्याचा सोहळा होतो, तिथे हा ताफा दिसतो.

सुरुवातीला एक माणूस खड्या आवाजात आरोळी देतो, “म्यंगगुम इल्हा देच्विता!” धातूवर एक ठोका द्या आणि देच्विता सुरू करा, असा तो हुकूम. ताफ्याच्या प्रमुखाने हातात काठी धरून द्यायचा. हे कळायला मला दोन महिने लागले. तोवर ती आरोळी म्हणजे उगाच वातावरणनिर्मिती वाटायची. कळल्यावर गाण्याची बांधणीच वेगळी ऐकू यायला लागली: आधी हुकूम, मग तेप्यंगसो आणि मग ट्रॅप या रॅपच्या प्रकाराचा जड बेस असा काही खाली येतो, की स्वारी खरंच वेशीवर येऊन ठेपली आहे. जुनं संगीत वरून शिवरलेल्या कोथिंबिरीसारखं वापरणारी गाणी खूप ऐकली आहेत. इथे मात्र तेप्यंगसोचा तो तुकडा काढला तर मागे काही उरत नाही.

शब्द मी भाषांतरातून वाचले. बढाई भरपूर आहे: गटारातून निघालेला ड्रॅगन, वाघाच्या पोटी जन्मून कुत्र्यासारखं का जगू, अशा थाटाची. रॅपमध्ये हे चालतंच. पण त्यात एका ठिकाणी तांदळाच्या पेटीचा उल्लेख येतो. चौथ्या महिन्यात सहज शोधलं आणि अंगावर काटा आला. १७६२ मध्ये राजा यंगजोने आपल्या पोटच्या मुलाला, युवराज सादोला, धान्याच्या लाकडी पेटीत कोंडलं. आठव्या दिवशी तो त्यातच मेला. कोरियन शाळकरी पोरालाही हे ठाऊक असतं. आपण मात्र नुसते मान डोलवत बसतो. व्हिडिओतही सोनेरी केसांचा माथेफिरू राजा आणि त्याच्यावर उठलेला बंडखोर हे दोघेही शुगा स्वतःच आहे. राजवाड्याच्या आवारात मोटारगाडी उभी. शेवटी गोळीचा आवाज. एकदा बघाच, नंतर नुसतं ऐकलंत तरी चालेल.

आता कुरकुरी. मधला, ‘देच्विता, देच्विता’ असा घोष जिथे येतो तो भाग पाचव्या महिन्यापासून मी पुढे ढकलते. जाहिरातीसारखा डोक्यात बसतो आणि काही नवं सांगत नाही. शिव्या आहेत, अर्थ कळत नाही तोवर लहान मुलांसमोर चालून जातं. फोनच्या स्पीकरवर लावूच नका. बेस गायब होतो आणि तेप्यंगसो पत्र्यावर खिळा ओढावा तसं वाजतं. साध्या वायरच्या इयरफोनवर चांगलं. सगळ्यात छान वाजलं ते दिराच्या गाडीत, काचा बंद करून.

आणि गजर म्हणून लावू नका. मी लावला होता. हुकूमच आहे तर उठायला बरा, असं वाटलं. तिसऱ्या आठवड्यात ती आरोळी ऐकली की पोटात गोळा यायला लागला. नवऱ्याने तर फोन उशीखाली दाबायलाच सुरुवात केली.

खरी तक्रार मात्र वेगळीच, आणि ती या गाण्याच्याच कृपेने सुचली. मूळ देच्विता ऐकलं. बारा मात्रांचं आवर्तन, संथ. जिंगचा ठोका पडला की त्याचा नाद विरेपर्यंत जणू सगळे वाट बघतात. एकतालाच्या सवयीने मी बोटांवर मोजायला गेले आणि पहिल्या खेपेला चुकलेच. गाण्यात हा श्वास नाही. तिथे तुकडा कापून गोल फिरवला आहे, त्यामुळे ठोका विरायच्या आत पुढची ओळ अंगावर येते. पावणेचार मिनिटांच्या गाण्यात हे व्हायचंच, मान्य. तरी मूळ ऐकल्यापासून ती जागा मला दरवेळी अडते.

पाचपैकी चार देईन. भाची म्हणते, २०२३ मधलं शुगाचंच ‘हेगम’ ऐक. हेगम म्हणजे दोन तारांचं वाद्य आणि त्याच उच्चारात ‘बंदी उठवणं’ हाही अर्थ. ते फोनमध्ये घेऊन ठेवलंय. सध्या मात्र बसमध्ये जाताना हे रॅप आणि येताना मूळ देच्विता असं चाललंय. वाकडच्या सिग्नलला बस अडकली की त्या संथ बारा मात्रा एकदाच्या बरोबर मोजून होतात.