एसएलव्ही-३, पीएसएलव्ही की एलव्हीएम३: पहिलं मॉडेल कोणतं बांधावं?

किट न घेता इस्रोचं रॉकेट घरी बांधायचं म्हटलं की बहुतेक जण आधी स्केल ठरवतात, १:१०० किंवा १:७२, आणि मग त्या मापाच्या नळ्यांसाठी बाजार पालथा घालतात. उलट करा. हार्डवेअरच्या दुकानातल्या पाइपांचा बाहेरचा व्यास आधी मोजा आणि स्केल त्यावरून काढा. कपाटावर उभं राहणारं मॉडेल १:९८ निघालं म्हणून काही बिघडत नाही. सगळे भाग त्याच प्रमाणात हवेत, एवढंच.

| | एसएलव्ही-३ | पीएसएलव्ही-एक्सएल | एलव्हीएम३ |
|---|---|---|---|
| खरी उंची | २२ मी. | ४४.४ मी. | ४३.५ मी. |
| सोयीचं स्केल | १:४० | १:९८ | १:१०० |
| मॉडेलची उंची | ५५ सेंमी | ४५ सेंमी | ४३.५ सेंमी |
| नळ्या | २५ व २० मिमी कंड्यूट | एक इंची सीपीव्हीसी, ३२ मिमी पीव्हीसी, १० मिमी लाकडी दांडी | ४०, ३२ व ५० मिमी पीव्हीसी |
| घडवायची टोकं | १ | ९ | ३ |

एलव्हीएम३ची मापं पाहिली तर ते प्लंबरसाठीच आखलंय की काय असं वाटतं. मधला कोअर म्हणजे मुख्य खोड ४ मीटर, दोन्ही बाजूंची एस२०० जोड-रॉकेटं म्हणजे बूस्टर ३.२ मीटर आणि उपग्रह झाकणारं वरचं कवच म्हणजे फेअरिंग ५ मीटर व्यासाचं. १:१०० ला हे ४०, ३२ आणि ५० मिमी होतात, आणि पीव्हीसी पाइप नेमके याच बाहेरच्या व्यासांत मिळतात. काही गुंडाळावं लागत नाही, काही तासावं लागत नाही. बूस्टर सुमारे २६ सेंमीचे कापा. अख्खी लांबी घेऊ नका, प्लंबरकडे उरलेले तुकडे पुरतात.

त्रास टोकांचा आहे. फेअरिंगचं टोक कातारी लाकडात सहज काढून देतो, पण त्याला फोटो दाखवू नका, पुठ्ठ्यात कापलेला अर्ध्या बाजूचा साचा द्या. बूस्टरची टोकं मात्र कोअरकडे झुकलेली आहेत, ती लेथवर निघत नाहीत. ३२ मिमीची दांडी तिरकी कापून हाताने घासावी लागते. आणखी एक चूक हमखास होते: १८ डिसेंबर २०१४ च्या पहिल्या चाचणी उड्डाणाचे फोटो आणि ५ जून २०१७ नंतरच्या उड्डाणांचे फोटो एकत्र वापरले जातात. मधल्या काळात फेअरिंगचा आणि बूस्टरच्या टोकांचा आकार बदलला. एकच उड्डाण निवडा, उदाहरणार्थ १४ जुलै २०२३ चं चांद्रयान-३ चं, आणि शेवटपर्यंत त्यालाच धरून राहा.

पीएसएलव्हीचा कोअर २.८ मीटरचा. पीव्हीसीत २८ मिमी नसतो, म्हणून लोक २५ मिमीच्या नळीवर कार्डशीटचे वेढे देत बसतात आणि शिवण रंगानंतर दिसते. गरम पाण्यासाठी वापरतात तो एक इंची सीपीव्हीसी पाइप बाहेरून २८.६ मिमी असतो. तोच कोअर धरला की स्केल १:९८ येतं. मग स्ट्रॅप-ऑन, म्हणजे कोअरला चिकटलेले छोटे बूस्टर, १०.२ मिमी, म्हणजे १० मिमीची दांडी चालते. फेअरिंग ३२.६ मिमी हवं, तर ३२ मिमी पाइपवर ०.३ मिमी कार्डचा एकच वेढा द्या.

पण सहा स्ट्रॅप-ऑन सारखे दिसायला हवेत, आणि पीएसएलव्ही अडतं ते इथेच. दांडी ड्रिलच्या चकमध्ये धरून सँडपेपरने टोक काढा. सहा नको, नऊ-दहा करा आणि त्यातले जुळणारे सहा घ्या. कोअरभोवती ९० मिमी लांबीची कागदी पट्टी गुंडाळून दर १५ मिमीवर खूण केली की जागा बरोबर येतात. पहिल्या टप्प्याला चिकटलेल्या दोन बारीक उभ्या टाक्या विसरू नका. नोझलमध्ये द्रव फवारून दिशा वळवण्यासाठी त्या असतात आणि त्या नसल्या की जाणकाराला पहिल्या नजरेत कळतं. सहांचा कंटाळा असेल तर पीएसएलव्ही-सीए करा. त्याला स्ट्रॅप-ऑनच नाहीत, टाक्या मात्र आहेत.

१८ जुलै १९८० ला रोहिणी उपग्रह कक्षेत नेणारं एसएलव्ही-३ भागांच्या हिशेबाने सगळ्यात सोपं वाटतं. पहिला टप्पा १ मीटर, दुसरा ०.८ मीटर, म्हणजे १:४० ला २५ आणि २० मिमीचे वायरिंगचे कंड्यूट. फसवतो तो दोन नळ्यांमधला उतार. तो कार्डचा करा. उताराची तिरकी लांबी १० मिमी असेल तर ५० आणि ४० मिमी त्रिज्येचे दोन कंस, मध्ये ९० अंश, शिवाय चिकटवायला ३ मिमी जास्त. खालचे चार पंख १९.६ मिमी अंतरावर येतात. एक जरी वाकडा बसला तरी वरून पाहताना सगळं रॉकेट मुरडल्यासारखं दिसतं. लपवायला इथे बूस्टर नाहीत.

आमचं मत: पहिलं मॉडेल एलव्हीएम३. पीएसएलव्ही दुसरं. एसएलव्ही-३ साठी हात बसू द्या.

तिन्हींना लागू असलेल्या गोष्टी. पाइप काचेवर लोळवून सरळ आहे का पाहा. त्यावरची छापील अक्षरं २२० च्या सँडपेपरने काढा, मग ४०० ने घासा, साबणाने धुवा आणि प्लास्टिक प्रायमर मारा. चकचकीत पीव्हीसीवर थेट मारलेला रंग मास्किंग टेपबरोबर सालीसारखा निघतो. लाकूड पीव्हीसीला जोडायला दोन भागांचं इपॉक्सी वापरा. फेविकॉल पीव्हीसीत मुरत नाही, म्हणून टिकत नाही. इन्स्टंट ग्लूची पांढरी वाफ जवळच्या रंगावर बसते, तेव्हा ते काम रंगाआधी उरका. पावसाळ्यात स्प्रे मारलात तर रंगावर दुधी झाक येते. कोकणात तर जून ते सप्टेंबर फक्त कापा आणि घासा.

उडवायचं असेल तर यातलं एकही नको. पीव्हीसी जड असतो आणि फुटला की धारदार तुकडे उडतात. एलव्हीएम३ आणि पीएसएलव्हीला स्थिर ठेवणारे पंखही नाहीत, त्यांना पारदर्शक पंख लावून नाकात वजन भरावं लागतं. उडतं मॉडेल कागदी नळीचं आणि बाल्साच्या पंखांचं असतं, आणि त्याचा गुरुत्वमध्य दाबमध्याच्या (हवेचा दाब जिथे एकवटतो त्या बिंदूच्या) किमान एक व्यासभर पुढे लागतो. त्यासाठी केरळातल्या थुंब्याहून पूर्वी उडवलं जाणारं छोटं आरएच-७५ रॉकेट निवडा: व्यास ७५ मिमी, म्हणजे १:३ ला २५ मिमीची नळी, आणि आत १८ मिमीची तयार मोटर, म्हणजे इंधन भरलेली रॉकेटची नळी, बसते. मोटर घरी बनवू नका. हात जातात, आणि परवान्याशिवाय स्फोटक बनवणं हा भारतात गुन्हा आहे.