टेलिमानस १४४१६ : पावसाला घाबरणाऱ्या पोरांसाठी आणि घरातल्या मोठ्यांसाठीपण

मनाच्या त्रासासाठी सरकारची फोन सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. १० ऑक्टोबर २०२२ ला देशभर सुरू झाली, बंगळूरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचं मार्गदर्शन आहे. माझ्याकडून पाचपैकी पाच.

आम्ही चिपळूणचे, २२ जुलै २०२१ च्या महापुराबद्दल वेगळं सांगायला नको. मुलगा तेव्हा अगदी लहान होता, पण अजून सलग दोन तास पाऊस लागला की त्याचं सुरू, आई पाणी येणार का, पाणी येणार का, मग जेवण नाही, झोप नाही, शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतं. आणि आपण काय म्हणतो, काही नाही होत रे, झोप.

समुपदेशक मॅडमनी आधी विचारलं घरात मोठ्यांचं काय चाललंय, मला वाटलेलं मुलाबद्दल विचारतील. तर सासरे रात्री उठून टॉर्च घेऊन वाशिष्ठी नदीचं पाणी बघायला जातात, नवरा व्हॉट्सअपवरचे पुराचे जुने व्हिडिओ मोठ्या आवाजात लावतो, हे सगळं पोरगं बघतंच ना! मॅडमचं म्हणणं, "काही होणार नाही" असं वचन देऊ नका, ते तुमच्या हातात नाही आणि मुलांना ते बरोबर कळतं, त्यापेक्षा सांगा की पाणी येईल का ते आत्ता नाही सांगता येत पण आलं तर आपण काय करायचं ते ठरलंय. आणि खरंच ठरवा, त्याला एक काम द्या.

मग ठरवलं, भोंगा वाजला की आजीची औषधं आणि कागदपत्रं मी घेणार, गाडी वर चढावर नेऊन लावायचं काम बाबांचं, पिशवी त्याची. त्याने स्वतः भरली, सुके कपडे, टॉर्च, बिस्किटं आणि रंगपेटी दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून वर रबरबँड. पावसाचं बोलायचं ते रात्री जेवणानंतर थोडा वेळ, मध्येच विचारलं तर "जेवल्यावर बोलू" म्हणायचं आणि खरंच बोलायचं. नदीची पातळी सकाळ-संध्याकाळ अधिकृत ठिकाणी बघायची, बाकी फॉरवर्ड बंद. प्रश्न अजून येतो, पण एकदाच विचारतो आणि झोपतो. सासऱ्यांचं जागरणसुद्धा पुष्कळ कमी झालंय, हे मला जास्त मोठं वाटतं.

एवढं लक्षात ठेवा, लहान मुलं फोनवर धड बोलत नाहीत, त्यामुळे बोलायचं आपल्यालाच. जास्त त्रास असेल तर पुढे मानसोपचार तज्ज्ञांशी बोलायची सोय आहे, वेड लागलंय म्हणून फोन करायचा असं काही नसतं हो. दापोली-श्रीवर्धनकडे निसर्ग वादळात ज्यांच्या बागा झोपल्या, हर्णैला ज्यांची माणसं होडीवर असतात, त्यांनीपण जरूर करा, आणि जमलं तर मे महिन्यातच, पाऊस डोक्यावर यायच्या आधी, म्हणजे ठरवाठरवीला वेळ मिळतो.