पत्त्याच्या पुराव्याशिवाय आधार कार्ड: पाचपैकी तीन तारे

केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण मला तिथंच परत जायचंय. पुण्यात बुधवार पेठेत २० वर्षं देहविक्रीचा धंदा करते. मोबाइलवर बोलून टाइप केलंय, चुका सांभाळून घ्या.

नवीन आधार फुकट असतं, माझ्याकडूनही कुणी रुपया मागितला नाही. पत्त्याचा पुरावा मी कुठून आणणार? खोली घरवालीच्या, म्हणजे कोठा चालवणाऱ्या बाईच्या नावावर, लाइट बिलही तिचंच. गावच्या रेशन कार्डातून भावानं नाव कधीच कमी केलंय. पण १९ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की आम्हाला पत्त्याचा पुरावा न मागता आधार द्यायचं. एड्स नियंत्रणच्या अधिकाऱ्याचा दाखला असला की झालं. तो दाखला पीअर ताईनं, म्हणजे एड्सच्या कामात असलेल्या आमच्यातल्याच बाईनं, आणून दिला.

काउंटरवरच्या पोरानं तो वाचला आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, "म्हणजे रेडलाइटमधल्या का?" मागच्या बाईनं आपली गणवेशातली पोरगी पलीकडं ओढली. अरे बाबा, त्याच आदेशात लिहिलंय की आमची ओळख फुटता कामा नये, नोंदणी क्रमांकात वेगळा कोडसुद्धा टाकायचा नाही. तू तर तोंडानंच टाकलास! दोन तारे तिथं गेले.

मग आतल्या मॅडमनी खुर्ची दिली. भांड्याच्या पावडरनं बोटं झिजलीत, ठसे चारदा घेतले, वैतागल्या नाहीत. हळूच विचारलं, "तुम्हाला विकलं होतं का?" हो, विकलं होतं. सोळाव्या वर्षी, ओळखीच्याच बाईनं, शिवणकाम देते म्हणून. तेव्हा सोडवायला कुणी फिरकलं नाही. आले ते मी एकोणतीस वर्षांची असताना. रेड टाकली, मी नको नको म्हणत असताना सुधारगृहात नेलं. वकील करून चार महिन्यांनी सुटले, तोवर खोलीतली पेटी गायब, मतदान कार्ड त्यातच. म्हणून तर मी या रांगेत होते. अल्पवयीन पोरींना जरूर सोडवा, पण मोठ्या बाईला एकदा विचारा तरी.

कार्ड तीन आठवड्यांत आलं. खोली नंबर बरोबर आहे, आडनाव चुकलंय. दुरुस्तीला पैसे लागतात म्हणे. देईन, पण त्या मॅडम असतील त्या दिवशीच जाईन.